घरचा हिशोब कॉम्प्युटरवर : सॉफ्टवेअर घेण्याआधी पाच प्रश्न

(ग्रामसंघ पदाधिकारी आणि गटांच्या सचिव यांच्या मासिक सभेत केलेली मांडणी, वाचक तायांसाठी लिहून काढली आहे.)



गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांना गेले की एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, पोरीच्या एमएस-सीआयटीसाठी घरात कॉम्प्युटर घेतलाय. त्याच्यावर घरचा हिशोब ठेवायचाय. कोणतं सॉफ्टवेअर टाकू?" प्रश्न चांगला आहे. नियमित हिशोब लेखन हे आपल्या पंचसूत्रीतलं शेवटचं सूत्र. गटाचं दफ्तर आपण चोख ठेवतो. रोजकीर्द, खतावणी, सभासद पासबुक सगळं जागेवर असतं. पण त्याच ताईला विचारलं, "घरात महिन्याला किती आले आणि किती गेले?" तर उत्तर येतं, "अंदाजे सांगू का?"

सुरुवातीलाच एक सांगते. सॉफ्टवेअर पैसे वाचवत नाही, ते फक्त दाखवतं. नोंद आपणच करायची असते. म्हणून आधी पंधरा दिवस साध्या वहीत रोजचा खर्च लिहा. किराणा, गॅस टाकी, दवाखाना, मुलांची फी, मोबाईल रिचार्ज, भिशी, उसनवार, सगळं. पंधरा दिवस वही चालली तर कॉम्प्युटरवरही चालेल. नाही चालली तर महागातलं सॉफ्टवेअर घेऊनही चालणार नाही.

हिशोब कशासाठी?

एका गटातल्या ताईंचं उदाहरण देते. नाव सांगत नाही. त्या घरी शिलाईकाम करतात. ब्लाऊज, पिको-फॉल, शाळेचे ड्रेस. दुसरं मशीन घ्यायचं म्हणून त्या आणखी एक कर्ज घ्यायला निघाल्या होत्या. हप्ता बसणार होता २,००० रुपये. त्यांचं म्हणणं, "महिन्याला चार हजार तर सहज मिळतात."

आम्ही बसून एका महिन्याचं लिहून काढलं. शिलाईचे आले ४,२०० रुपये. धागा, अस्तर, हुक, सुया आणि वाढीव वीजबिल यात गेले १,३५०. उरले २,८५०. पहिल्या मशीनच्या कर्जाचा हप्ता १,१००. म्हणजे हातात राहिले १,७५०. नवा हप्ता २,०००. तो भरायला दर महिन्याला घरखर्चातून पैसे ओढावे लागले असते, नाहीतर हप्ता भरायला तिसरं कर्ज! ताईंनी ते कर्ज थांबवलं, ब्लाऊजची शिलाई थोडी वाढवली आणि आधी पहिलं कर्ज फेडायचं ठरवलं.

तायांनो, इथे एकही रुपया चोरीला गेला नव्हता. फक्त धंद्याचा पैसा आणि घरचा पैसा एकाच डब्यात होता. घरच्या हिशोबातून आपल्याला तीन गोष्टी कळायला हव्यात : घरात किती आले-गेले, आपलं एकूण देणं किती, आणि धंद्यात खरंच किती उरतात. जे सॉफ्टवेअर या तीन गोष्टी सोप्या करून दाखवेल ते आपलं.

कोणकोणते पर्याय आहेत?

पहिला पर्याय, साधा तक्ता म्हणजे स्प्रेडशीट. एक्सेल तुम्ही ऐकलं असेल. तसंच काम करणारं लिबरऑफिस कॅल्क हे पूर्ण मोफत आहे, इंटरनेटशिवाय चालतं आणि त्याचे मेनू मराठीतही करता येतात. रकाने आपल्या रोजकीर्दीसारखेच करा : तारीख, तपशील, प्रकार, जमा, खर्च, शिल्लक. "वरची शिल्लक अधिक जमा वजा खर्च" हे सूत्र एकदा घातलं आणि खाली ओढलं की बेरीज-वजाबाकी कॉम्प्युटर करतो. प्रकार या रकान्यात "घर" किंवा "धंदा" लिहा, मग फिल्टर लावून दोन्ही वेगळे बघता येतात.

याच तक्त्यावर कर्जाचं व्याजही ताडून बघता येतं. समजा १२,००० रुपये कर्ज, १२ महिने, दरमहा २ टक्के. आपल्या गटात व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं. पहिल्या महिन्याला २४० रुपये, दुसऱ्याला २२०, असं उतरत शेवटच्या महिन्याला २०. एकूण व्याज १,५६०. आता तेच २ टक्के कुणी पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत लावले, तर दरमहा २४० प्रमाणे २,८८० होतात. दर ऐकायला एकच, पण फरक १,३२० रुपयांचा. दारात येऊन कर्ज देणाऱ्याला हा प्रश्न विचारायलाच हवा : "व्याज उरलेल्या मुद्दलावर की पूर्ण रकमेवर?"

दुसरा पर्याय, होमबँक. हे खास घरच्या हिशोबासाठी बनवलेलं मोफत सॉफ्टवेअर आहे. यात रोख, बँक खातं अशी वेगवेगळी खाती उघडता येतात, खर्चाचे प्रकार ठरवता येतात, महिन्याचं बजेट टाकता येतं आणि कशावर किती गेले याचं चित्र बघता येतं. ज्यांना सूत्रं घालायचा कंटाळा आहे त्यांना हे बरं.

तिसरा, ग्नूकॅश. हेही मोफत. यात दुहेरी नोंद पद्धत आहे, म्हणजे प्रत्येक रक्कम कुठून निघाली आणि कुठे गेली अशा दोन बाजू लिहाव्या लागतात. गटाची रोजकीर्द-खतावणी लिहिणाऱ्या सचिव तायांना हे पटकन समजेल. ज्यांचा पापड-मसाल्याचा, शिलाईचा, शेळीपालनाचा धंदा घरासोबत चालतो, कर्जं दोन-तीन आहेत, त्यांना उपयोगी. पण पहिले काही दिवस डोकं लावावं लागतं.

टॅली बऱ्याच जणींनी ऐकलंय. ते दुकानदार, कंपन्या, जीएसटी भरणारे यांच्यासाठी आहे आणि त्याला पैसे पडतात. नुसत्या घरखर्चासाठी त्याची गरज नाही.

आणि राहिली फोनवरची ॲप. काही चांगली आहेत, पण टाकताना ती काय परवानगी मागतात ते वाचा. खर्चाची नोंद आपोआप व्हावी म्हणून काही ॲप आपले एसएमएस वाचायला मागतात. बँकेचा ओटीपी त्याच एसएमएसमध्ये येतो, हे लक्षात ठेवा. हिशोबाच्या नावाखाली कर्ज देणारी ॲपही असतात. कर्जाच्या ॲपने फोनमधले संपर्क, कॉलच्या नोंदी, फोटो-फाइली उघडू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या नियमांत सांगितलं आहे. जे ॲप हे मागेल ते काढून टाका.

पाच प्रश्न

आता निवडायचं कसं? गटाचं दफ्तर तपासताना जसे ठरलेले मुद्दे असतात, तसे हे पाच प्रश्न वहीत लिहून ठेवा.

१. इंटरनेट नसताना चालतं का? आपल्याकडे रेंज जाते, लाईट जाते. हिशोब नेटवर अडून राहायला नको.

२. माझा हिशोब बाहेर काढता येतो का? कंपनी बंद पडली तर नोंदींचं काय होतं? मायक्रोसॉफ्टसारख्या मोठ्या कंपनीने आपलं मनी नावाचं घरच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर २००९ मध्ये विकणं बंद केलं. अमेरिकेत खूप लोक वापरत असलेलं मिंट २०२४ मध्ये बंद झालं. म्हणून नोंदी "सीएसव्ही" प्रकारात बाहेर काढता येतात का ते बघा. सीएसव्ही म्हणजे साधा तक्ता, तो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडता येतो. वर सांगितलेल्या तिन्ही मोफत पर्यायांत ही सोय आहे.

३. बँकेचा पासवर्ड, पिन किंवा ओटीपी मागतं का? मागत असेल तर नको. घरखर्च लिहायला यातलं काहीच लागत नाही. पासबुक भरून आणा आणि हाताने नोंद करा.

४. मराठीत लिहिता येतं का? विंडोज १० आणि ११ मध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड जोडता येतो. युनिकोडमध्येच टाईप करा. जुन्या टायपिंगच्या फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर भलतंच दिसतं.

५. मला स्वतःला चालवता येतं का? हा प्रश्न शेवटी घेतला, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच.

किल्ली कुणाकडे?

पाचव्या प्रश्नावर थोडं स्पष्ट बोलते. घरात कॉम्प्युटर येतो तेव्हा तो बहुतेक वेळा मुलाचा किंवा मालकांचा होतो. ताई तोंडाने सांगते, मुलगा भरतो. मुलगा शिकायला किंवा कामाला पुण्याला गेला की हिशोब बंद. आणि मधल्या काळात ताईने गटात किती बचत केली, माहेरहून काय आलं, शिलाईचे किती उरले, हे सगळं ज्याच्या हातात माऊस त्याच्या डोळ्यासमोर.

घरखर्च घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा, बसून बोलावं, असंच माझं मत आहे. मालकांनाही तक्ता दाखवा, त्यांचा खर्चही त्यात लिहू द्या. पण तुमच्या नावची बचत आणि तुमच्या कमाईचा हिशोब तुमच्या ताब्यात असायला हवा. तो कुणाला दाखवायचा हे तुम्ही ठरवायचं.

त्यासाठी करायचं काय? लिबरऑफिसमध्ये फाइल सेव्ह करताना पासवर्ड लावता येतो. मात्र तो विसरलात तर फाइल उघडणार नाही, म्हणून लक्षात राहील असा ठेवा. होमबँक आणि ग्नूकॅशच्या फाइलला स्वतःचं कुलूप नसतं. तिथे कॉम्प्युटरवर आपल्या नावाचं वेगळं खातं करा आणि त्याला पासवर्ड लावा. मुलीला सांगा, "मला करून दाखव, करून देऊ नकोस." पहिल्या दिवशी एक नोंद करायला वीस मिनिटं लागतील. लागू द्या. गटाची पहिली रोजकीर्द लिहायलाही वेळ लागलाच होता.

अजून दोन गोष्टी. एक, कॉम्प्युटर बिघडतो. महिन्यातून एकदा, गटाच्या बैठकीच्या दिवशी, फाइल पेनड्राईव्हवर उतरवून कपाटात ठेवा. वर्षातून एकदा प्रिंट काढा. दोन, गटाचा हिशोब आणि घरचा हिशोब एका फाइलमध्ये टाकू नका. गटाचं दफ्तर गटाचं आहे, ते आहे तसंच चालू राहील.

माझा सल्ला विचाराल तर नवीन शिकणाऱ्या तायांनी कॅल्कच्या साध्या तक्त्याने सुरुवात करावी. तीन महिने नोंद टिकली आणि तक्ता अपुरा वाटू लागला, तर होमबँक किंवा ग्नूकॅशकडे वळा. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही त्यांनी मन खट्टू करू नये. वहीत तेच रकाने आखा, तीच तीन उत्तरं मिळतील.

पुढच्या मासिक सभेला येताना प्रत्येकीने पंधरा दिवसांच्या खर्चाची वही आणि चालू असलेल्या सगळ्या कर्जांचे कागद सोबत आणायचे आहेत. ज्या तायांना आपले आकडे सगळ्यांसमोर सांगायचे नसतील, त्यांच्यासोबत सभेनंतर वेगळं बसू. सुरुवात कर्जापासून करू, कारण व्याज कसं लागतंय हे आधी कळलं पाहिजे.



— आपली क्षेत्र समन्वयक