परिचारिकेचे इमान
(मंडळाच्या वर्धापनदिनी खांदेश्वर येथे केलेले भाषण)



आपल्या मंडळात हळदीकुंकू होते, पाककृतींच्या स्पर्धा होतात, भजने होतात. या वर्षी कार्यवाहबाई मला म्हणाल्या, "सिस्टर, तुमचा सारा जन्म इस्पितळात गेला. तेव्हा वर्धापनदिनाला तुम्ही तुमच्या कामाविषयी काही सांगा." मी हो म्हटले खरे, पण घरी आल्यावर विचारात पडले. आमच्या कामातला चांगुलपणा सांगणे सोपे असते. चुका सांगायला जीभ रेटत नाही. आज मी दोन्ही सांगणार आहे. मोठी विद्वत्ता माझ्यापाशी नाही. तेव्हा घरच्या बाईचे बोलणे म्हणून ते गोड मानून घ्यावे.

प्रथम अगदी आपल्या जिन्यावरची गोष्ट सांगते. गेल्या श्रावणात रात्री नऊच्या सुमारास दाराची घंटा वाजली. शेजारच्या बाई उभ्या होत्या. हातात औषधाची एक कुपी आणि सिरिंज. यजमानांना दोन दिवस ताप होता आणि मागच्या आजारपणातली एक कुपी घरात शिल्लक होती. त्या म्हणाल्या, "सिस्टर, एवढे एक टोचून द्या. तुमचे दोन मिनिटांचे काम." मी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. चिठ्ठी पाच महिन्यांपूर्वीची होती. मी नाही म्हटले. बाई दुखावल्या. "शेजारधर्म म्हणून काही असतो की नाही?" एवढेच बोलून वळल्या. मी पायांत चपला सरकवल्या, रिक्षा बोलावली आणि दोघांना घेऊन डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासल्यावर कळले की ताप निराळाच होता. त्या औषधाचा त्यावर काही उपयोग नव्हता.

हे सांगण्याआधी मी परवा त्यांच्या घरी जाऊन त्यांची परवानगी घेतली. "नाव घेणार नसाल तर सांगा," असे त्या म्हणाल्या. तेव्हापासून आमचे बोलणे पूर्वीइतके मोकळे राहिलेले नाही, आणि त्याचे मला वाईट वाटते. म्हणूनच 'नाही' का म्हटले, ते आज सर्वांपुढे सांगावेसे वाटते.

आम्हां परिचारिकांना शिकताना पाच गोष्टी घोकायला लावतात: योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. यांतली एक जरी चुकली तरी सुई उचलायची नाही. काही औषधे एखाद्याच्या अंगाला मुळीच मानवत नाहीत. सुई टोचल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठतात, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी ॲड्रेनलीनचे इंजेक्शन आणि प्राणवायू हाताशी लागतो. माझ्या स्वयंपाकघरात काय आहे? फार तर लिंबाचे सरबत! समजा, औषध अगदी बरोबर असते, तरीही चिठ्ठीवाचून मी ते दिले नसते. औषध कोणते द्यायचे हे ठरवणे हे माझे काम नव्हे. आपली हद्द ओळखणे हा आमच्या इमानाचा पहिला भाग.

दुसरा भाग खरे लिहिण्याचा. इथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे. मी नोकरीला नवी होते. रात्रपाळी, वॉर्डात चाळीस खाटा आणि आम्ही दोघीजणी. पहाटे चारला सर्वांचा ताप पाहायचा. कोपऱ्यातल्या खाटेवर पोटाचे ऑपरेशन झालेले एक गृहस्थ गाढ झोपले होते. उठवायचे जिवावर आले. तापमापी न लावताच मी तक्त्यावर इतरांसारखा ९८.६ हा आकडा लिहिला आणि खाली सही केली. सकाळी आठला त्यांना हुडहुडी भरली, ताप १०३ वर गेला. जखमेत पू झाला होता. तक्ता पाहून डॉक्टर म्हणाले, "पहाटेपर्यंत ताप नव्हता म्हणजे हे आत्ताच सुरू झाले." मी शेजारीच उभी होते, गप्प राहिले.

कोणालाही कळले नव्हते, कधी कळलेही नसते. पण दोन दिवस घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी मेट्रनबाईंकडे जाऊन सांगून टाकले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "त्या आकड्याखाली सही कोणाची आहे?" मग डॉक्टरांकडे जाऊन सांगायला लावले आणि घडलेले सारे माझ्याच हाताने कागदावर लिहून घेतले. मला लेखी ताकीद मिळाली. ते गृहस्थ बरे होऊन घरी गेले, पण त्यांना बरेच दिवस जास्त राहावे लागले. त्यांत माझ्या त्या आकड्याचा वाटा किती, हे मला कधीच कळणार नाही. तो कागद मात्र अजून डोळ्यांपुढे आहे.

चाळीस खाटांना दोघी, हे कारण खोटे नव्हते. पण ते कारण सांगायची जागा मेट्रनबाईंचे टेबल होते. रोग्याच्या तक्त्यावर खोटा आकडा लिहून त्याची भरपाई होत नव्हती.

भगिनींनो, इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. दहा तान्ही बाळे गेली, सात वाचली. चौकशीनंतर जिल्हा शल्यचिकित्सकांना निलंबित केले गेले, काही परिचारिकांची सेवा संपवली गेली. बाळांपाशी कोणी हजर नव्हते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण आगीपासून बचावाची पुरेशी सोय त्या इमारतीत नव्हती, हेही तेव्हा पुढे आले. परिचारिकेचा दोष असेल तर तिने तो पदरी घ्यावा. मात्र इमारतीचा आणि अपुऱ्या माणसांचा दोष तिच्या पदरात बांधून इतरांनी मोकळे होऊ नये. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या असू शकतात.

आता ज्या नावाशिवाय मुंबईच्या परिचारिकेचे भाषण पुरे होत नाही, ते नाव घेते: अरुणा शानबाग. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची ही मुलगी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्या गळ्याला कुत्र्याची साखळी आवळून अत्याचार केला. त्याच्या गैरवागणुकीबद्दल ती त्याला बोलली होती, असे सांगितले जाते. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि ती पुन्हा भानावर आली नाही. गुन्ह्याचा एक भाग तक्रारीत आलाच नाही. चोरी आणि खुनाचा प्रयत्न एवढ्यावरच सात वर्षांची शिक्षा होऊन आरोपी सुटला. मी पुढच्याच वर्षी परिचर्येच्या शिक्षणाला निघाले, तेव्हा माझ्या आईने दार अडवले होते, ते याच भीतीने.

पण पुढची बेचाळीस वर्षे काय घडले पाहा. के. ई. एम.च्या परिचारिकांनी पिढ्यान् पिढ्या तिला न्हाऊ घातले, भरवले, कुशीवर वळवले. जी बोलत नाही, तक्रार करत नाही, जिच्याकडून शाबासकी मिळायची नाही, तिच्या अंगावर त्यांनी बिछान्याची जखम होऊ दिली नाही. तिला तिथून हलवण्याचा विचार झाला, तेव्हा त्याच परिचारिका आडव्या आल्या. तिला जगवत ठेवावे की नाही हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने काही कडक अटींवर उपचार थांबवण्याची वाट देशात प्रथमच मोकळी केली. पण अरुणाच्या बाबतीत तिच्या वतीने बोलण्याचा हक्क तिची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या माणसांचाच मानला, आणि त्यांना ती जगायला हवी होती. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने ती गेली. इतकी वर्षे जगवणे योग्य होते का, यावर तुमचे माझे मत वेगळे असू शकेल. पण कोणी पाहत नसताना केलेली ती कुशीवर वळवणी! आमच्या धंद्याचे इमान म्हणजे तीच. माझा तो ९८.६ चा आकडाही कोणी पाहत नसतानाच लिहिलेला होता.

दिवा हाती घेऊन आम्ही जी शपथ घेतो, ती १८९३ साली अमेरिकेत फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने तयार झाली. अपायकारक औषध देणार नाही, रोग्याच्या घरचे गुपित बाहेर सांगणार नाही, असा तिचा भाव आहे. शपथेमागे कायदाही आहे. आपल्या राज्यात १९६६ चा परिचारिका अधिनियम झाला. शिकलेल्या परिचारिकेचे नाव परिषदेच्या नोंदवहीत असते आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास ते काढून टाकता येते. २०२३ साली संसदेने परिचर्येसाठी नवा राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा केला. त्यातही ही नोंदवही आहेच.

आता तुमच्याकडे काही मागणे आहे. आपल्या या वसाहतींत मुले परगावी, परदेशी. घरात म्हातारी दोघेच. मग ब्यूरोतून बाई येते आणि आपण तिला सिस्टर म्हणतो. ती कष्टाळू असेल, मायाळूही असेल, पण तिला विचारा, "तुमचे शिक्षण कोणते? नोंदणीचे प्रमाणपत्र आहे का?" नसेल तर तिच्याकडून न्हाऊ घालणे, भरवणे, फिरवणे एवढेच करून घ्या. सुई आणि सलाइन तिच्या हाती देऊ नका. तिलाही तिची हद्द पाळायला आपणच मदत केली पाहिजे.

इस्पितळात गेलात तर आपल्या माणसाकडे जास्त लक्ष द्यावे म्हणून परिचारिकेच्या हातात नोट कोंबू नका. त्या नोटेने शेजारच्या खाटेवरचा गरीब मागे पडतो. खाटेवरच्या माणसाचा फोटो काढून मोबाइलवर धाडू नका. आणि काही चुकले असे वाटले तर वॉर्डात आरडाओरडा करण्यापेक्षा शांतपणे लेखी तक्रार द्या. लेखी तक्रारीला उत्तर द्यावे लागते.

शेवटी माझ्या शेजारीणबाईंना एक शब्द. बाई, रात्री-अपरात्री माझी घंटा जरूर वाजवा. मी ताप पाहीन, पट्ट्या ठेवीन, डॉक्टरांपर्यंत बरोबर येईन, उशाशी रात्रभर बसेन. शेजारधर्म मी मानते. फक्त चिठ्ठीशिवाय सुई मागू नका.