वाटाड्या आपण, जंगल कोणाचं?

(वनहक्क शिबिरात एका तरुण कार्यकर्त्याने केलेलं भाषण. बोलला तसंच छापलं आहे, थोडी काटछाट केली आहे.)

आयाबायांनो, दादांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनो, तुम्ही जरा पुढं सरका. आज तुमचंच काम आहे, शेवटी सांगतो काय ते.

मला पर्यटनावर बोलायला सांगितलंय. म्हणजे आपल्या डोंगरात पाठीवर बॅगा घेऊन ते जे येतात, त्यांच्यावर. मी बारावी झालोय, पुढं शिकलो नाही. पण सात पावसाळे मी गाईड होतो. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, सांदण, किती खेपा झाल्या त्याचा हिशोब नाही. जे बोलतो ते पायाने शिकलेलं आहे.

पहिल्यांदा गेलो तेव्हा दहावीची सुट्टी होती. पाचनईकडून गडावर. पुण्या-मुंबईची तीस माणसं, त्यांचा लीडर शहरातला, गळ्यात शिट्टी. दोन वाटा फुटल्या की तो हळूच माझ्या कानाशी यायचा, "आता कुठं रे?" मी हात दाखवायचो. मग तो मागं वळून मोठ्यांदा ओरडायचा, "लेफ्ट घ्या, लेफ्ट!" (हशा) तुम्ही हसता, मीही तेव्हा हसलो. दोन दिवसांचे मला दोनशे रुपये मिळाले, पाठीवर भांडी आणि तांदूळ होता तो वेगळा. माणशी बाराशे घेतले होते हे नंतर कळलं. तीसाला बाराशेनं गुणायला बारावी लागत नाही.

कंपनीने नंतर एक कागद काढला, रंगीत. त्यात लिहिलं होतं, पर्यावरणपूरक साहसी सहल, मानवी स्पर्श न झालेलं सदाहरित जंगल. आणि फोटो कोणत्या झाडाचा? आमच्या पठारावरच्या हिरड्याचा. त्या झाडावर माझी आजी चढायची, बाळहिरडा पाडायला. त्या झाडाखाली तिने तो वाळवला, डोक्यावर आणून व्यापाऱ्याला घातला, त्यावर आमच्या घरात मीठमिरची आली. आणि हे म्हणतात मानवी स्पर्श नाही. मग आजी कोण होती?

हे शब्द साधे नाहीत, दादांनो. आपल्या इथं १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. तेव्हापासून आपण आपल्याच रानात पाहुणे झालो. त्याआधी १९२६ ला भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, पाणी गेलं खाली उसाला, आणि घाटघरसारख्या जिल्ह्यातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या मुलखात आपल्या बाया उन्हाळ्यात हंडा घेऊन झऱ्यावर रात्र काढतात. आता तिसऱ्यांदा कोणी येतोय, आणि तो म्हणतो इथं कोणी राहतच नव्हतं. आपल्या बाईच्या डोक्यावरची मोळी अडवली जाते. तंबूपुढं रात्रभर शेकोटी जळते ती कोणी अडवत नाही. एकदा एका पाहुण्याने मला विचारलं, तुम्ही लोक जंगल का तोडता? त्याच्या हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली होती. ती त्याने तिथंच टाकली, मी उचलली.

सगळेच तसे नसतात, हेही सांगतो. काही पाहुणे आमच्या घरी जेवले, नंतर पोरांना वह्या पाठवल्या, एक डॉक्टर बाई दोनदा येऊन पाड्यावर तपासून गेल्या. माणसांवर माझा राग नाही.

काजव्यांचं घ्या. मे संपता संपता, पावसाच्या आधी, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं रात्री पेटल्यासारखी दिसतात. आपण लहानपणापासून बघतोय. आता त्यासाठी गाड्यांची रांग लागते. काजव्याची अळी जमिनीवर वाढते, पालापाचोळ्यात, ओलीत. गोगलगाई खाते. म्हणजे वर झाडावर जो उजेड दिसतो तो खाली आपल्या पायाखालून आलेला असतो. आणि काजवा उजेडानेच जोडीदार शोधतो. तिथं गाडीचे दिवे लावले, बॅटऱ्या मारल्या, हजार माणसांनी पाला तुडवला, तर पुढच्या सालात काय राहणार? हे माझ्या बापाला माहीत आहे, म्हणून तो त्या दिवसांत गुरंसुद्धा त्या झाडांखाली बसवत नाही. पण पर्यावरणपूरक कोणाला म्हणायचं, तर ज्याच्या टी-शर्टावर झाड छापलंय त्याला.

आता आमच्या भाऊबंदाची गोष्ट. नाव सांगत नाही, तो इथं आहे. ऑगस्ट महिना, निसरडा कातळ, पाठीवर गॅसची टाकी आणि पातेली. पाय घसरला, नडगी मोडली. डोली करून आम्ही त्याला तीन तासांत खाली आणला. कंपनीला फोन केला तर म्हणाले, तो आमचा माणूस नाही, गावातून रोजाने घेतला होता. पट्टी बांधायचे पैसे दिले. दोन सालं त्याला आवणी करता आली नाही, बायकोने दुसऱ्याच्या बांधावर मजुरी केली. पाहुण्यांचा विमा होता, ओझं वाहणाऱ्याचा नव्हता.

मागच्या शिबिरात एका ताईने पेरू देशाचं सांगितलं. तिकडं माचू पिचूला जायची इंका लोकांची जुनी पायवाट आहे, चार दिवसांची, बर्फाच्या डोंगरांच्या बाजूने निघून खाली ओल्या घनदाट जंगलात उतरते. ओझं वाहणारे तिथले आदिवासीच, क्वेचुआ बोलणारे. पूर्वी त्यांच्या पाठीवर वाटेल तेवढं लादायचे. २००१ साली तिथं हमालांचा कायदा झाला, पुरुषाच्या पाठीवर २० किलोच्या वर ओझं नाही. वाटेच्या सुरुवातीला काटा लावून वजन करतात. आणि त्या वाटेवर दिवसाला ५०० च माणसं सोडतात, त्यात गाईड आणि हमाल धरून. कायदा झाला म्हणून सगळं सुधारलं असं नाही, कायदे काय आपल्याकडंही आहेत. पण मला एवढं समजलं की संख्या ठरवता येते, वजन ठरवता येतं. आमच्या कातळावर मात्र शनिवारी किती माणूस चढणार ते फक्त पावसाला माहीत.

आपल्याकडंही ठरवता येतं. २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्यालाही लागू आहे. ते नाही म्हणतात, पण कायद्यात वनजमिनीच्या व्याख्येतच अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान लिहिलेलं आहे. कलम ३ मध्ये सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा आणि तिचं व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. आणि कलम ५ कोणी वाचत नाही, ते वाचा. त्यात आहे की सामूहिक वनात कोणी यायचं-जायचं त्याचं नियमन ग्रामसभा करू शकते, आणि जंगलाला, वन्यप्राण्याला बाधा येईल असं काम थांबवू शकते. अभयारण्यात पर्यटनाचा परवाना १९७२ च्या कायद्याने वनखातं देतं, हे खरं. पण परवाना असला म्हणून ग्रामसभेला तोंड नाही असं होत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक हक्क घेतला, पुढं २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हाती आले. बांबूचं जमलं तर पायवाटेचं का जमू नये?

आता मुद्द्याची गोष्ट. आमचा सामूहिक दावा प्रांताकडून परत आला. शेरा काय, तर पुरावा पुरेसा नाही. त्याच महिन्यात मी त्या कंपनीचा नवा नकाशा बघितला. त्यात आमच्या पठारावर अकरा ठिकाणं दाखवलेली. सनसेट पॉइंट, इको पॉइंट, हिडन फॉल, कॅम्प साइट एक, कॅम्प साइट दोन. मला खाली बसावं लागलं. कारण ती अकराही ठिकाणं मी दाखवली होती. सनसेट पॉइंट म्हणजे आमची जोगणीची टेपाडी, तिथं पेरणीआधी नारळ फुटतो. हिडन फॉल म्हणजे उंबराचं पाणी, दुष्काळात तीन पाडे तिथं जगले. कॅम्प साइट दोन म्हणजे जुना गोठणमाळ, उन्हाळ्यात गुरं बसायची जागा. वनहक्काच्या नियमात पुरावा म्हणून काय चालतं? गुरचराईच्या जागा, कंदमुळं आणि रानफळं गोळा करायच्या जागा, पाण्याचे झरे, देवाच्या जागा, म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब. म्हणजे आमचा सगळा पुरावा मी दिवसाला शंभर रुपयांनी कंपनीला दिला होता, आणि आमच्या दाव्याच्या फायलीत फक्त अर्ज आणि अंगठे होते.

माझा धाकटा भाऊ आजही गाईड आहे. तो तिथं बसलाय, माझ्याकडं रागाने बघतोय. काल रात्री आमचं भांडण झालं. तो म्हणाला, दादा, तू भाषणं कर, घरात तेल मी आणतो. खरं आहे त्याचं. मी त्याला गाईडकी सोड म्हणत नाही. येत्या ग्रामसभेत एका कंपनीचा विषय आहे, पठारावर पाच वर्षं तंबूची जागा मागतात. देवळाला रंग देतो म्हणालेत, पोरांना टोप्या वाटल्यात. माझं म्हणणं, या साली नाही म्हणा. दावा पुन्हा दाखल होईपर्यंत कोणालाच कागद देऊ नका, कारण पाच वर्षांनी तो कागदच त्यांचा पुरावा होईल. त्यानंतर आपल्या अटींवर बोलू. किती माणसं, ओझं किती, जखमी झाला तर कोण भरणार, भाकरीचे पैसे थेट बायांच्या गटाला. हिरड्याच्या आणि काजव्याच्या दिवसांत पठार बंद. देवराईत चप्पल नाही, तंबू तर नाहीच. आणि पाण्याचं आयांनी ठरवायचं, पुरुषांनी नाही. तंबूवाल्यांच्या आंघोळीला उंबराच्या पाण्यावरून हंडे वाहिले ते त्यांनीच.

तर म्हाताऱ्या बाबांनो, तुमचं काम असं. मंगळवारी दुपारी गुरं पाण्यावर आणली की समाजमंदिरात या. मोठा कोरा कागद आणलाय, चार जोडून केलाय. तुम्ही नावं सांगायची, पोरं लिहितील. कुठली वाट, कुठलं पाणी, कुठल्या झाडाचा हिरडा कोणाच्या घरचा. जबाब वेगळे लिहून घेऊ, त्यावर दोन साक्षीदार. ज्यांना चालवत नाही त्यांना डोलीत आणू, डोली आता आम्हाला चांगली बांधता येते. आणि गाईड पोरांनी सगळ्यांनी यायचं, माझ्या भावासकट, कारण म्हाताऱ्यांनंतर त्या वाटा फक्त तुम्हालाच माहीत आहेत.