नव्या मोटारीचे पहिले हजार किलोमीटर

नामपल्ली स्टेशनाबाहेरच्या गर्दीतून एखादी कोरी करकरीत छोटी मोटार हळूहळू जाताना दिसते. पुढे झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, आसनांवरचे प्लास्टिकही अद्याप निघालेले नाही. मालक दुसऱ्या गिअरच्या वर जायला तयार नसतो. इंजिन नवे आहे, त्याला जपले पाहिजे, ही त्याची भावना. भावना स्तुत्य खरी. परंतु इंजिनाला ती मानवत नाही.

सिलिंडरची भिंत वरवर गुळगुळीत भासली, तरी कारखान्यात तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा मुद्दाम पाडलेल्या असतात. त्या रेषांत तेल धरून राहते. पिस्टनभोवतीच्या रिंगा या भिंतीवर घासत खालीवर होतात, आणि प्रारंभी दोहोंचा स्पर्श केवळ सूक्ष्म उंचवट्यांपुरता असतो. हे उंचवटे झिजले म्हणजे रिंग भिंतीशी एकजीव होते. आता मेख अशी, की रिंगेचा स्वतःचा ताण बेताचाच असतो. तिला भिंतीवर खरोखर दाबतो तो पेटलेल्या वायूचा दाब, आणि हा दाब इंजिनावर भार पडल्याखेरीज निर्माण होत नाही. नुसते रांगत राहिलेल्या इंजिनात उंचवटे तसेच राहतात, रेषांत तेलाचा कडक, चकचकीत थर साचतो आणि रिंगा त्यावरून निसटतात. पुढे गाडी तेल पिऊ लागते, निळा धूर सोडते, आणि मालक म्हणतो, ‘एवढे जपले, तरी असे कसे झाले?’ उलट पहिल्याच दिवशी गाडी भरधाव पिटाळली, तर घर्षणाची उष्णता अनावर होऊन भिंतीवर ओरखडे उठतात. दोन्ही टोके वाईटच.

आपल्याकडील गृहिणींना हे शास्त्र फार पूर्वीपासून ठाऊक होते. जात्याला नवी टाकी लावली, की आधी भरड धान्य दळून काढीत आणि ते खर मिसळलेले पीठ जनावरांपुढे टाकीत. मगच घरचे दळण बसे. इंजिनातील पहिले तेल म्हणजे हेच पीठ. झिजलेल्या धातूची कणी त्यात उतरते. ते केव्हा काढावे, हे त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले असते. तेथे मेकॅनिकच्या तोंडी सल्ल्यापेक्षा पुस्तिका श्रेष्ठ मानावी.

या अतिरेकी काळजीमागे इतिहास आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट मिळविण्यासाठी एके काळी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसावे लागे. डिसेंबर १९८३ मध्ये ७९६ सी.सी.ची, तीन सिलिंडरांची मारुती ८०० आली, तेव्हाही कुटुंबाची बरीचशी शिल्लक एका गाडीत जाई. अशी वस्तू कोणीही तळहातावरच्या फोडासारखी जपणार! आज यंत्रकाम पुष्कळ बारकाईने होते, त्यामुळे रुळण्याचा काळ आखडला आहे. तो नाहीसा मात्र झालेला नाही.

मग नामपल्लीच्या मालकाने करावे काय? जानेवारीत नुमाइश भरली, की त्या भागात गाडी चालण्यापेक्षा थांबतेच अधिक. (हे प्रदर्शन १९३८ मध्ये बाग-ए-आममध्ये सुरू झाले आणि १९४६ पासून नामपल्लीच्या मैदानावर भरते.) त्याने भल्या पहाटे निघून लकडी का पूल, खैरताबाद, पटनचेरू ओलांडून जहीराबादचा रस्ता धरावा. हैदराबादच्या मराठी कुटुंबांना उमरगा-सोलापूरकडे नेणारी ही परिचयाची वाट. इंजिन तापेपर्यंत सौम्य चालवावे. नंतर वेग बदलता ठेवावा. कधी ॲक्सिलरेटर अर्ध्यापर्यंत दाबून गाडीला चढू द्यावे, कधी पाय उचलून तिला आपोआप मंदावू द्यावे. पाय उचलताच सिलिंडरमध्ये निर्वात ओढ निर्माण होते, थोडे तेल वर येते आणि रिंगांना गारवा मिळतो. तासन्‌तास एकच वेग नको, वरच्या गिअरमध्ये गुदमरवणे नको आणि टपावर सामानाचा डोंगर तर नकोच. नवे टायर व ब्रेकही प्रारंभी पुरती पकड घेत नाहीत; म्हणून पुढच्या ट्रकपासून अंतर नेहमीपेक्षा अधिक ठेवावे.

घरी परतल्यावर गाडी सपाट जागी उभी करून थंड होऊ द्यावी आणि तेलाची पट्टी ओढून पाहावी. पातळी किंचित उतरलेली दिसली, तर घाबरण्याचे कारण नाही. रिंगा अजून बसत असतात. हजार किलोमीटरनंतरही ती भराभर उतरतच राहिली, तर मात्र पहिल्या मोफत सर्व्हिसच्या वेळी ते स्पष्ट सांगून तेथल्या कार्डावर लिहून घ्यावे.