छापणं शिकायचं, म्हणजे काय शिकायचं?



जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं साहित्य संमेलन झालं. उद्घाटन केलं आपल्याच जिल्ह्यातल्या वैशालीताई येडे यांनी. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकटीनं संसार ओढणारी बाई त्या मंचावर बोलली, आणि आमच्या बचत गटातल्या बायका म्हणायला लागल्या, ‘ताई, आमचंही पुस्तक काढा ना!’

एकीचं निघालं. दोन वह्यांचा मजकूर. छापणाऱ्यानं पंचवीस हजार घेतले, तिनं बकऱ्या विकल्या. सगळे हक्क कायमचे त्याच्याकडे, असं त्या कागदावर होतं. सही करताना मी शेजारी बसले होते. एम.एस.डब्ल्यू. झालेली मी! कागद वाचलाच नाही. आज तिच्या खाटेखाली तीनशे प्रती पडून आहेत.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं, प्रती पाचशे. मग ते विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा लोकांसमोर आणलं. म्हणजे छापून झालं की काम झालं, असं तेव्हाही नव्हतं.

म्हणून आपल्या वर्गात नुसतं मुद्रितशोधन शिकवून भागणार नाही. ते हवंच, ऱ्हस्व-दीर्घाचा कंटाळा मलाही येतो. पण आधी करार वाचायला शिकवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी करारानंच देता येतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. आमच्या कागदावर ‘कायमचे’ हा शब्द होता, तिथंच आम्ही फसलो. आयएसबीएन क्रमांक सरकारकडून फुकट मिळतो. त्याचेही पैसे आमच्याकडून घेतले.

दुसरं, युनिकोड. जुन्या फॉन्टमधला मजकूर मोबाईलवर नुसती चित्रविचित्र अक्षरं होऊन दिसतो. तो युनिकोडमध्ये असला तर पुस्तक मोबाईलवर वाचता येतं. शिवाय डिजिटल छपाईत हव्या तेवढ्याच, पन्नासही प्रती छापता येतात. खाटेखाली गठ्ठे साचत नाहीत.

दिल्लीत नॅशनल बुक ट्रस्ट प्रकाशनाचे अभ्यासक्रम चालवतो. चांगलं आहे. पण झरी-जामणीच्या कोलाम पोरीनं दिल्लीला जायचं कसं? आणि तिथं कोलामीचं संपादन कोण शिकवणार? तो वर्ग इथंच, बाजाराच्या दिवशी, तालुक्याला भरला पाहिजे.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे असे करार आहेत त्यांनी ते घेऊन या. पहिला कागद मी आणते.