शाळेचा लॅपटॉप : ग्राफिक्स अंगभूत असावे की स्वतंत्र?

(केंद्र-संमेलनात वाचावयाचे भाषण)



गावाने वर्गणी काढून शाळेस लॅपटॉप द्यावयाचे ठरविले, म्हणजे मुख्याध्यापकांच्या मनात आनंदाबरोबर काळजीही निर्माण होते. हा पैसा शेतकऱ्याच्या, मजुराच्या, गावातील तरुण मंडळाच्या खिशातून आलेला असतो आणि तो पुन्हा लवकर जमत नाही. दुकानात गेल्यावर विक्रेता सारख्याच किमतीची दोन यंत्रे पुढे ठेवतो. एकावर दोन जीबीच्या ग्राफिक्स कार्डाची चिठ्ठी असते. दुसऱ्यावर तशी चिठ्ठी नसते. मात्र त्यात रॅम अधिक असते आणि माहिती साठविण्यास जलद एसएसडी असते. चिठ्ठी पाहून मन पहिल्या यंत्राकडे ओढ घेते. ही ओढ योग्य की अयोग्य, याचा निर्णय कामाचे स्वरूप समजल्यावाचून होऊ शकत नाही. यास्तव प्रथम ग्राफिक्स म्हणजे काय, ते पाहणे इष्ट होय.

लॅपटॉपच्या पडद्यावरील चित्र रंगीत ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. आज सर्वत्र आढळणाऱ्या पडद्यावर एका आडव्या ओळीत १९२० ठिपके असतात आणि अशा १०८० ओळी असतात. म्हणजे एकूण ठिपके २०,७३,६०० झाले. हे चित्र दर सेकंदास साधारणतः ६० वेळा पडद्याकडे पाठविले जाते. एका ठिपक्याच्या रंगास ४ बाइट जागा धरली, तर एका चित्रास ८२,९४,४०० बाइट लागतात आणि एका सेकंदास ४९,७६,६४,००० बाइट, म्हणजे सुमारे अर्धा जीबी माहिती पडद्याकडे जाते. हा गुणाकार सहावी-सातवीच्या मुलांकडून फळ्यावर करवून घेण्याजोगा आहे. नित्य डोळ्यांसमोर असणाऱ्या पडद्यामागे केवढा हिशेब चाललेला असतो, याची त्यांना त्यावरून कल्पना येईल.

हा हिशेब मुख्य प्रोसेसरनेच करावयाचा म्हटल्यास तो थकून जाईल. प्रोसेसर हा एखाद्या निष्णात गणितज्ञासारखा असतो. अवघड उदाहरण तो पायरीपायरीने, अचूक आणि त्वरेने सोडवितो. परंतु साध्या बेरजेची वीस लाख उदाहरणे एकाच वेळी समोर आली, तर एका गणितज्ञापेक्षा बेरीज येणारी हजार मुले अधिक उपयोगी पडतात. प्रत्येकाने आपल्या वाट्याची थोडी उदाहरणे सोडविली की काम संपले. अशा हजार मुलांच्या वर्गाप्रमाणे काम करणारा जो भाग, त्यास ग्राफिक्स प्रोसेसर, अथवा संक्षेपाने जीपीयू म्हणतात. हा भाग प्रत्येक लॅपटॉपमध्ये असतोच. ज्या यंत्रावर ग्राफिक्स कार्डाची चिठ्ठी नाही, त्यात ग्राफिक्स नाही, असा समज पुष्कळांचा असतो. तो चुकीचा होय. भेद असतो तो या भागाच्या जागेचा आणि त्याच्या स्मृतीचा.

जो जीपीयू मुख्य प्रोसेसरच्याच चिपमध्ये बसविलेला असतो, त्यास अंगभूत ग्राफिक्स म्हणावे. बाजारात यास ‘इंटिग्रेटेड’ किंवा ‘इनबिल्ट’ म्हणतात. त्याला स्वतःची निराळी स्मृती नसते. लॅपटॉपची जी रॅम, तिच्यातूनच तो आपला वाटा घेतो. जो जीपीयू वेगळ्या चिपमध्ये असून ज्याच्याजवळ स्वतःची स्मृती असते, ते स्वतंत्र ग्राफिक्स. यासच दुकानदार ‘डेडिकेटेड कार्ड’ म्हणतो.

खेड्यातील माणसास हा भेद विहिरीच्या दृष्टांताने सहज पटेल. अंगभूत ग्राफिक्स म्हणजे भावाभावांतील सामाईक विहीर. पाणी एकच, त्यावर प्रोसेसरचेही पीक आणि जीपीयूचेही पीक. स्वतंत्र ग्राफिक्स म्हणजे आपल्या वावरात खणलेली स्वतःची विहीर. तिचे पाणी दुसरा कोणी नेत नाही, आणि तिचा उपसाही मोठा असतो. हा उपसा आकड्यांनीही सांगता येतो. डीडीआर ४ जातीच्या, ३२०० वेगाच्या रॅमची एकच स्टिक असेल, तर सेकंदास अधिकात अधिक २५.६ जीबी माहितीची ने-आण होते. तशाच दोन स्टिक जोडीने बसविल्या, तर ही ने-आण ५१.२ जीबी होते. विहिरीवर एका मोटेऐवजी दोन मोटा चालाव्यात, तसे हे आहे. याउलट स्वतंत्र कार्डावरील जीडीडीआर ६ जातीची, १२८ बिट रुंदीची आणि १२ गिगाबिट वेगाची स्मृती सेकंदास १९२ जीबीपर्यंत ने-आण करू शकते.

आता या आकड्यांशेजारी आधीचा अर्धा जीबीचा आकडा ठेवून पाहावा. तयार चित्र पडद्याकडे पाठविण्यास सेकंदाला अर्धा जीबी पुरतो. चित्र तयार करताना याच्या अनेक पट ने-आण होते, हे खरे. तरीही शब्दलेखन, तक्ते, चित्रफीत, वेबपृष्ठे यांसाठी सामाईक विहिरीचे पाणी मुबलक असते. ज्या कामात प्रत्येक चित्र त्रिमितीत नव्याने रचावे लागते, प्रत्येक वस्तूवरील प्रकाश, छाया आणि पोत यांचा हिशेब करावा लागतो, तेथेच हे पाणी अपुरे पडू लागते.

अंगभूत ग्राफिक्सविषयी लोकांच्या मनात जी उपेक्षा आहे, तिचे मूळ जुन्या काळात आहे. १९९९ साली इंटेलने ८१० या नावाच्या चिपसेटमध्ये ग्राफिक्सचा अंतर्भाव केला. त्याच वर्षी एनव्हिडिया कंपनीने जीफोर्स २५६ हे उत्पादन जीपीयू या नावाने बाजारात आणले. त्या काळी या दोहोंच्या शक्तीत फार अंतर होते. पुढे २०११ साली इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांनी लॅपटॉपचा प्रोसेसर व जीपीयू एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर आणले. २०२० मध्ये आलेल्या ॲपलच्या एम १ चिपमध्येही ग्राफिक्स अंगभूतच असून सर्व स्मृती सामाईक आहे, आणि तीवर चित्रफितींच्या संपादनासारखी कामेही उत्तम होतात. सारांश, अंगभूत म्हणजे दुबळे, हे जुने समीकरण आता जसेच्या तसे लागू पडत नाही.

प्राथमिक शाळेत लॅपटॉपवर कोणती कामे होतात, त्यांची यादी करून पाहावी. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून दीक्षावरील पाठ दाखविणे, प्रोजेक्टर जोडून चित्रफीत लावणे, यू-डायसची माहिती भरणे, शालार्थचे काम, प्रश्नपत्रिका छापणे, जिओजेब्राने भूमितीच्या आकृत्या दाखविणे, स्क्रॅचमध्ये मुलांकडून लहान खेळ रचवून घेणे, स्टेलॅरियमवर रात्रीचे आकाश दाखविणे. ही सर्व कामे अलीकडील कोणतेही अंगभूत ग्राफिक्स समाधानकारक रीतीने करते. चित्रफीत उलगडून दाखविण्यासाठी तर त्यात खास निराळी रचनाच केलेली असते. त्यामुळे प्रोसेसरवर भार पडत नाही आणि वीजही थोडी लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. स्वतंत्र कार्ड असलेल्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये अंगभूत ग्राफिक्सही असतेच. २०१० साली एनव्हिडियाने ऑप्टिमस नावाची पद्धत आणली. तीनुसार साधे काम अंगभूत भाग करतो, आणि जड काम आले तरच स्वतंत्र कार्ड जागे होते. म्हणजे शाळेच्या नित्य कामात हे महागडे कार्ड बहुतेक वेळ निद्रिस्तच राहावयाचे. गावाच्या वर्गणीतील काही हजार रुपये असे झोपून राहणे कोणास रुचेल?

याउलट, त्या कार्डापायी रॅम ४ जीबीवर थांबली आणि एसएसडीऐवजी जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क पत्करली, तर तोटा रोज दिसतो. यंत्र सुरू होईपर्यंत तास निम्मा सरतो. पाठ उघडता उघडता चक्र फिरत राहते, आणि समोर बसलेल्या चाळीस मुलांचे लक्ष उडून जाते. एकदा उडालेले ते लक्ष परत आणणे किती कठीण असते, हे शिक्षकास सांगावयास नको. रॅम आणि डिस्क यांमुळे येणारा हा विलंब ग्राफिक्स कार्डाने रेसभरही कमी होत नाही.

विजेचाही विचार केला पाहिजे. समजा, लॅपटॉपची बॅटरी ४५ वॅट-तासांची आहे आणि साध्या कामास पडद्यासह १५ वॅट लागतात. तर ती ३ तास चालेल. जड कामासाठी स्वतंत्र कार्ड जागे होऊन त्याने आणखी ३५ वॅट ओढले, तर खर्च ५० वॅट होऊन तीच बॅटरी ५४ मिनिटांत संपेल. जेथे भारनियमनाचा त्रास आहे, तेथे या हिशेबास विशेष महत्त्व आहे. शिवाय अधिक वीज म्हणजे अधिक उष्णता. ती बाहेर टाकण्यास पंखे लागतात, आणि पंख्यांत वर्गातील धूळ व खडूची भुकटी साचते.

तथापि यावरून स्वतंत्र ग्राफिक्स ही निव्वळ चैन आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ब्लेंडरसारख्या साधनाने त्रिमितीतील चलच्चित्रे तयार करणे, मोठ्या चित्रफितींचे नित्य संपादन, अभियांत्रिकी आराखडे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रतिमानांना शिक्षण देणे, या कामांत त्याची योग्यता निर्विवाद आहे. २०१२ साली चित्रे ओळखणाऱ्या ॲलेक्सनेट या प्रतिमानाने या क्षेत्रास मोठी कलाटणी दिली. ते एनव्हिडियाच्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर शिकविले गेले होते, आणि त्या प्रत्येक कार्डाची स्मृती ३ जीबी होती. ठिपक्यांसाठी जमविलेला हजार मुलांचा वर्ग अशा रीतीने निराळ्याच गणितास उपयोगी पडला. म्हणून एखादा शिक्षक शैक्षणिक चित्रफिती सातत्याने तयार करीत असेल, किंवा त्याचा एखादा माजी विद्यार्थी अभियांत्रिकीस जाताना सल्ला विचारावयास आला, तर तेथे उत्तर निराळे द्यावे लागेल. ज्याचे काम तसे, त्याचे हत्यार तसे.

कार्ड घ्यावयाचेच ठरले, तरी केवळ जीबीच्या आकड्यावर विसंबू नये. कोठीत धान्य किती मावते, यावरून जात्याचा वेग कळत नाही. जीबीचा आकडा कोठीचा आहे. कधी कधी नावावरूनही पुरता बोध होत नाही. एनव्हिडियाचे एमएक्स १५० हे कार्ड २०१७ साली आले. ते २५ वॅटचे होते; पुढे त्याच नावाने १० वॅटचे मंद रूपही लॅपटॉपमध्ये बसविले गेले. यास्तव नावाबरोबर वॅट आणि स्मृतीची जात यांचीही चौकशी करावी.

खरेदीपूर्वी शाळा व्यवस्थापन समितीने पुढील गोष्टी पाहाव्यात :

(१) शाळेत होणाऱ्या कामांची यादी प्रथम कागदावर लिहावी. त्रिमितीचे जड काम यादीत नसेल, तर अंगभूत ग्राफिक्स पुरेसे समजावे.

(२) वाचलेला पैसा प्रथम एसएसडीत व रॅममध्ये घालावा. रॅम किमान ८ जीबी असावी. १६ जीबी असल्यास उत्तम. अंगभूत ग्राफिक्स त्याच रॅममधून वाटा घेत असल्याने येथे काटकसर करू नये.

(३) रॅमच्या दोन स्टिक जोडीने बसविल्या आहेत काय, किंवा दुसरीसाठी जागा मोकळी आहे काय, हे विचारावे. काही यंत्रांत रॅम पक्की डाखलेली असते. ती मागाहून वाढविता येत नाही.

(४) लॅपटॉपमधील स्वतंत्र ग्राफिक्सची चिप सामान्यतः डाखलेलीच असते. ती पुढे बसविता येईल, या भरवशावर राहू नये. जे मागाहून घालता येणार नाही, त्याचा निर्णय दुकानातच करावा.

(५) विंडोज असलेल्या यंत्रात टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या सदरात पाहावे. तेथे जीपीयू एक आहे की दोन, हे प्रत्यक्ष दिसते. चिठ्ठीपेक्षा हा पुरावा अधिक विश्वसनीय.

(६) शाळेचा प्रोजेक्टर आणि नेहमीचा एखादा पाठ बरोबर नेऊन यंत्र दुकानातच चालवून पाहावे, आणि निवडीची कारणे समितीच्या इतिवृत्तात लिहून ठेवावीत.

शेवटची सूचना विशेष महत्त्वाची आहे. वर्गणी देणाऱ्यापैकी कोणी उद्या विचारील, “गुरुजी, ग्राफिक्स कार्डाचा का नाही घेतला?” त्या वेळी गुरुजींना किंवा बाईंना ठिपक्यांचा हिशेब आणि विहिरीचा दृष्टांत सांगता आला, तर प्रश्न विचारणाऱ्याचे समाधान होईल आणि शाळेवरील गावाचा विश्वासही वाढेल. यंत्र चार-सहा वर्षांनी जुने होईल. हा विश्वास मात्र पुढील खरेदीच्या वेळीही कामास येईल.