बाँड गावात पोचवतो, तयारीचं काय?

एमबीबीएस करताय? की घरात कुणी नीटच्या अभ्यासाला बसलंय? मग आजचा भाग तुमच्यासाठी.

महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं, की एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. आपला 'बाँड'. माझं पोस्टिंग प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं. इंटर्नशिपमध्ये मागे सीनियर उभे असायचे. इथे रात्री मण्यार चावलेला पेशंट आला, की मी, सिस्टर आणि ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. बस्स. मण्यारच्या दंशाला सूज फारशी नसते, दुखतही नाही. पण पापण्या जड होतात आणि पुढे श्वास बंद पडू शकतो. प्रतिविष द्यायचं, वेळ आली तर पिशवीने श्वास देत मोठ्या दवाखान्यात न्यायचं. हे पुस्तकात आहे हो, पण हातात यायला सराव लागतो.

म्हणून सांगतो, बाँड गावात पोचवतो, तयार करत नाही. तयारीच्या वाटा वेगळ्या आहेत.

सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज घ्या, १९६९ सालचं. तिथली मुलं पहिल्याच वर्षी गावात शिबिराला राहतात. तिथल्या पदवीधरांना तिथेच पीजी करायचं तर आधी दोन वर्षं ग्रामीण सेवा करावी लागते. दुसरी वाट म्हणजे फॅमिली मेडिसिनमध्ये तीन वर्षांचं डीएनबी. बाळंतपण, लहान मुलं, म्हातारी माणसं, सगळं एकाच डॉक्टरला शिकवणारं. शिवाय आता पीजीच्या मुलांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावं लागतं.

आणि गावात गेलं की करिअर संपलं, असं कुणी म्हणालं तर त्याला डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव सांगा. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात त्यांनी विंचूदंशाचे पेशंट पाहिले. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरलं. ते काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

तुम्ही इंटर्न असाल तर एक करा. लेबर रूम आणि कॅज्युअल्टीच्या ड्युट्या टाळू नका, उलट मागून घ्या. आणि पोस्टिंगला निघण्याआधी रात्री दोनला फोन उचलेल अशा एका सीनियरला विचारून ठेवा. खरं तर हा फोन सरकारनेच जोडून द्यायला हवा, कारण शिकाऊ डॉक्टरच्या एकटेपणाची किंमत पेशंट मोजतो.

भेटू पुढच्या भागात!