गोष्ट वाचा, मुलाला बोलू द्या
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



'इक्रा', म्हणजे 'वाच', या आदेशाची आठवण आपल्या प्रत्येक शैक्षणिक सभेत निघते. त्या वाचनाची पहिली पायरी म्हणजे लहान मुलाला घरी गोष्ट वाचून दाखविणे. तिच्याविषयी मी दोन शब्द सांगणार आहे.

आपण भरभर वाचतो, मुलाने मध्येच काही विचारले की "गप्प बस, पुढे ऐक" असे दटावतो. वस्तुतः मूल जेथे तोंड उघडते, तेथेच त्याचे शिक्षण सुरू होते. १९८८ साली अमेरिकेत व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रांचे पुस्तक वाचताना मुलाला प्रश्न विचारा, त्याला बोलू द्या आणि त्याच्या बोलण्यात थोडी भर घाला, एवढेच त्यांनी पालकांना शिकविले. अवघ्या ४ आठवड्यांत ती मुले, नेहमीच्या पद्धतीने वाचन ऐकणाऱ्या मुलांपेक्षा बोलण्यात पुढे गेली.

डॉ. झाकीर हुसेन यांची 'अब्बू खां की बकरी' ही उर्दू गोष्ट घ्या. चांदनी नावाची बकरी खिडकीतून डोंगरावर पळते आणि रात्रभर लांडग्याशी झुंजून पहाटे मरते. मूल लहान असेल तर "ही कोण? कुठून पळाली?" असे विचारा. ते "बकली पलाली" म्हणाले, तर हसू नका, रागावू नका. "हो, पांढरी बकरी खिडकीतून पळाली" असे म्हणा. चूक न दाखविता ती सुधारते. मोठ्या मुलाला विचारा, "घरी चारा होता, मग ती का गेली? शेवटी जिंकले कोण?" उत्तरासाठी क्षणभर थांबा. मुलाचे उत्तर तुमच्यापेक्षा वेगळे असले तरी ऐकून घ्या.

मकतबात मूल कुरआन शरीफ शिकते, तेथे एकही अक्षर बदलता कामा नये. तो अदब योग्यच आहे. परंतु गोष्टीच्या पुस्तकात मुलाचे स्वतःचे शब्द हवे असतात. दोन्ही सवयी त्याला लागल्या पाहिजेत.

काही माता म्हणतात, "आम्हाला वाचता येत नाही." भगिनींनो, चित्र दाखवून "हे काय चालले आहे?" एवढे तर विचारता येते! तेही घरच्या बोलीत विचारा. घरी ज्याचे बोलणे कोणी ऐकून घेतले, ते मूल वर्गात हात वर करायला कचरत नाही. मग शाळा मराठी माध्यमाची असो वा उर्दू.

विद्यार्थी मित्रांनो, धाकट्या भावंडांसाठी हे काम तुम्हीही करू शकता. रोज दहा मिनिटे पुरेत. दिवसभर कामावर असणाऱ्या वडिलांनीही रात्री तेवढा वेळ काढावा. आपण मुलांची फी भरतो, दप्तर घेऊन देतो. त्यांचे बोलणेही ऐकून घेऊ या.